मारियेचा उतारा

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट. मी मंगरूळपीरला शिक्षक होतो आणि रोज संध्याकाळी गावच्या बसची वाट पाहत बसायचो. स्टँडवर बोरं विकणारी एक साठीची ख्रिस्ती बाई मांडीवर बायबलातलं शुभवर्तमान उघडून अक्षराअक्षरावर बोट फिरवत असायची. ईस्टरआधीचा त्यांचा उपवासकाळ लागला तशी ती मला रोज एखादं जोडाक्षर विचारू लागली. उमगलं की खुशीत मूठभर बोरं माझ्या पिशवीत टाकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

"मावशी, या वयात एवढी खटपट कशाला?" मी एकदा म्हटलं.

"गुरुजी, आमच्यात प्रार्थनेत वाचाले बाप्येच उभे राह्यतात. पण येशूची कबर रिकामी पाहून त्याचे चेले, बाप्ये, तं घरी गेले. मारिया तिथंच रडत राह्यली, म्हून जिता झालेला येशू पयल्यानं तिले दिसला. मंग ईस्टरले हे बाईनं काहून वाचू नये?"

ईस्टरच्या सकाळी तिच्या आग्रहानं मी त्यांच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात गेलो. वाचनाची वेळ झाली आणि ती सरळ उभी राहिली. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, गोंधळले आणि बाजूला सरले. वाचता वाचता ती मारियेच्या 'मग्दालीया' या नावावर अडली. मागून कुणीतरी शब्द सांगू लागलं.

"थांबा. मले येते."

तिनं तो शब्द फोडला, जोडला आणि खणखणीत म्हटला. बायका एकेक करून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत वाचण्याचा असा आनंद मी वर्गात पाहिला नव्हता.

उतारा संपला, तरी ती बसली नाही. पान उलटून तिनं पुढचा अध्याय सुरू केला.