सुपात पाखडलेले ओट्स

ओव्हनमधून ओट्स भाजल्याचा वास आला, की आरमोरीचं आमचं अंगण आठवतं. सुट्टीत मी आईला ओट्स आणि चॉकलेटच्या तुकड्यांची बिस्किटं करून दाखवणार होते. मी चूल पेटवेपर्यंत तिनं सवयीनं ओट्स सुपात घेऊन धानासारखे पाखडले आणि अर्धे कोंबड्यांपुढे उडाले. "फसवलं तुले दुकानदारानं, नुसता कोंडाच आहे यात," ती म्हणाली. मी रुसून बसले. तिनं मोहफुलं भाजली, कुटली, उरलेल्या ओट्समध्ये चॉकलेटसोबत कालवली आणि गंजात, त्या खोल पातेल्यात, रेती तापवून त्यावर ताटलीत बिस्किटं भाजली. चॉकलेटपेक्षा मोहाचाच वास घरभर झाला. आई गेल्यापासून मला मोहफुलं कोणी पाठवत नाही. तरी बिस्किटं करताना हात अजून अर्धेच ओट्स घेतो, मोहफुलांना जागा ठेवून.