भरताचा डबा घेऊन विमानाने कोलकात्याला

आमच्या घरी अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, डब्यात मोजतात. सुरतला जायचं तर भाकरी-भाजी, पुण्याला पुऱ्या आणि कोलकात्याला दशम्या. दुधात मळलेली दशमी दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासात आरामात टिकते, भरीत टिकत नाही. आणि कोलकात्यात राहणाऱ्या माझ्या ताईला सातव्या महिन्यात डोहाळे लागले ते नेमके आईच्या हातच्या भरताचे! डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली, त्यामुळे माहेरीही येता येईना. एकदा फोनवर ती चक्क रडली. मग मी सुरतहून विमानाची दोन तिकिटं काढून टाकली.

"दीड दिवसनी वाट अडीच तासमां? काय सांगी ऱ्हायना तू!" आईचा विश्वास बसेना.

हवाई अंतर साधारण सोळाशे किलोमीटर, उड्डाण अडीच तासांचं. पण मंडळी, या आकड्यावर भुलू नका. आमच्या सारंगखेड्याहून सुरत गाठण्यातच अर्धा दिवस जातो. आईने पहाटे पऱ्हाटीच्या म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजली, भरीत कालवलं आणि आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. नवापूरला चहा छान मिळतो, तिथे जरूर थांबा. आईने चहा घेतला नाही, डबा उघडून वास घेतला.

विमानतळावर तपासणीत आईची मिरचीपूड अडकली. हातातल्या पिशवीत ती चालत नाही, मोठ्या बॅगेत टाका.

"माताजी, मिर्च अंदर नहीं जाएगी," तपासणीचा जवान म्हणाला.

"नंदुरबारनी शे, दादा!" आईने समजावलं. दादा हसला, पण पूड राहिली ती राहिलीच. भरताचा डबा त्याने उघडला, हुंगला आणि "जल्दी बंद कीजिए, भूख लग रही है," म्हणत परत दिला.

पुढे विमानालाच उशीर झाला. आईचा चेहरा उतरला. "भरीत आंबनं ते पोरले काय देसू?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. विमानात तिने खिडकीबाहेर ढुंकूनही पाहिलं नाही. डोक्यावरच्या थंड हवेचा झोत डब्यावर धरून बसली. शेजारचे गृहस्थ गारठले आणि बिचारे हात काखेत घालून बसले.

ताईच्या घरी पोचायला रात्र झाली. ती पोट सावरत जेवायला बसली. आईने भरीत वाढलं आणि भीत भीत विचारलं, "आंबनं का वं?"

ताईने वाढलेलं सगळं संपवलं आणि ताट पुन्हा पुढे केलं. मायलेकी हसायला लागल्या आणि माझेच डोळे भरून आले.

आठवडाभराने आम्ही घरी परतलो. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "कोलकाता कितलं दूर शे वं?"

आई म्हणाली,

"सकायनं भरीत रातलोंग टिकस ना, तितलंच दूर शे."