पावतीरावांच्या डब्यातलं कार्ड

माझ्या साडूला आमच्याकडे सगळे पावतीराव म्हणतात. नाव मी ठेवलं, खिजवायला म्हणून. तर त्याला ते आवडलं! तेव्हाच मी ओळखलं, या माणसाशी आपलं जमायचं नाही.

तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर तपासतो. मिक्सर असो की पंखा, आणलेल्या वस्तूची माहितीपुस्तिका तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, मगच वस्तूला हात लावतो. पावत्या फायलीत, फायली कपाटात, आणि कपाटाची पावती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. त्याच्याकडे काही बिघडतच नाही. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, लोकांच्या बिघाडावर माझी चूल पेटते. अशा माणसाचा राग येणारच, असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, "राग कसला, जळता तुम्ही." जळतो. सासूबाई औषधं आणायला त्याला सांगतात म्हणून जळतो, त्याच्या शर्टाची कॉलर संध्याकाळीही ताठ असते म्हणून जळतो, आणि सगळ्यात जास्त जळतो त्याच्या मुलीवरून.

आम्हाला मूल नाही. त्याची मुलगी बारकी पाच वर्षांची असताना दुकानात माझ्या टेबलाखाली बसून सांडलेले स्क्रू गोळा करायची. पुढे ती कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायला लागली आणि तिला स्वतःचं मशीन हवं झालं. मी एकेक भाग मनात निवडूनही ठेवला होता. पावतीरावाने काय करावं? मोठ्या दुकानातून तयार डबा उचलून आणला. "तीन वर्षांची वॉरंटी आहे," म्हणाला. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! आठवडाभर मी घरात कोणाशी धड बोललो नाही.

वर्षभरात त्या डब्याचा दम कळला. बारकीला पुढच्या शिक्षणाला प्रवेश हवा होता आणि त्यासाठी दोन महिन्यांत तीन मिनिटांची फिल्म करून पाठवायची होती. आतलं ग्राफिक्स कार्ड इतकं अशक्त की चित्र जरा हललं की पडदा गोठायचा. साडूने मला घरी बोलावलं.

"साडूभाऊ, कार्ड बदलता येईल? वॉरंटीला धक्का न लावता?"

येत होतं. असले तीसेक डबे मी उघडलेत. कार्ड बदलायला त्या कंपनीची ना नाही, हे मला पाठ होतं. मी मागच्या बाजूच्या एका चकचकीत स्टिकरवर बोट ठेवलं. तो स्टिकर नुसता नंबराचा होता.

"हा फाटला की संपली वॉरंटी. हात लावू नका. बारकीला माझ्याकडे पाठवा, दुकानातलं मशीन दणकट आहे."

त्याने स्टिकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाला.

बारकी रोज दुपारी दोनला यायची. खुंटीवर पिशवी अडकवायची आणि माझ्या तेलकट की-बोर्डावरून मला झापायची. फिल्ममधल्या म्हातारीची चाल जमेना, तेव्हा तिने मला दुकानभर काठी टेकत चालायला लावलं. गिऱ्हाइकं हसली, मी चाललो. एकाने विचारलं, "मुलगी वाटतं?" मी "हो" म्हणालो. तिने ऐकलं, पण मान वर केली नाही.

फिल्म वेळेत गेली, परगावी प्रवेशही मिळाला. त्यानंतर एका सकाळी साडू दुकानात आला. बरोबर तो डबा, नव्या कार्डाचं खोकं आणि खिशात पुस्तिका.

"ती हा बरोबर नेणार आहे. एवढं कार्ड बसवून द्या."

"आणि वॉरंटी?"

त्याने अठरावं पान उघडलं. ग्राहकाने कार्ड बदलल्यास वॉरंटी कायम राहील, या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती, पुसट झालेली.

खाई त्याला खवखवे. मी गुपचूप मोजायची टेप काढली. नवं कार्ड आत मावू नये, अशी मला आशा होती. मावलं. मोजूनच आणलं होतं. पॉवर सप्लाय कमी पडेल म्हणावं, तर तेही बघून कमी वीज खाणारं निवडलेलं. शोधूनही एक चूक सापडेना! जुनं काढलं, नवं खाचेत दाबलं, स्क्रू आवळला, मशीन चालू केलं. म्हातारी पडद्यावर न अडखळता चालत गेली. आता बारकीला माझ्या दुकानात येण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

"ही रेघ कधी मारलीत?" मी विचारलं.

"डबा आणला त्या दिवशी."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

तो जुनं कार्ड खोक्यात नीट बसवत होता. "तुम्ही म्हणालात ना, तिला पाठवा म्हणून. आता शिकायला गेली की चार वर्षं हाताला लागायची नाही. माझ्या घरी तर ती होतीच की एवढी वर्षं."

खोकं बंद करून तो डबा उचलायला वाकला. मी दुसरी बाजू धरली. तसाच दोघांनी मिळून तो रिक्षापर्यंत नेला.

ते दोन महिने मी चोरलेत, असं समजून मनात जपून ठेवले होते. ते त्याने मला दिलेले निघाले. चोरी पकडून चार शब्द सुनावले असते, तर मी निदान भांडलो तरी असतो.