उजवी बाजू कोरी

हस्नाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोपऱ्यावरच्या डेअरीत दुधाची बाटली हातात घेऊन उभी होते. त्यांचा मुलगा इरफान बोलत होता. "आँटी, मम पास्ड अवे धिस मॉर्निंग," एवढंच म्हणाला. दुकानदाराने दोनदा विचारलं, "यू ओके?" मी नुसती मान डोलावली. त्या आठवड्यात मी तेवढंच करत आले होते. त्याला आता महिना होऊन गेला.

२०१२ साली मी पुण्याहून हॅमिल्टनला आले आणि इस्पितळाच्या फार्मसीत लागले. हस्नाताई तिथल्या स्वयंपाकघरात होत्या. एकदा आमच्या खिडकीसमोर बसलेल्या पेशंट्सच्या पुढून त्या कंबरेत वाकून, उजवा हात जमिनीकडे सोडून, "ताबे, ताबे" पुटपुटत निघाल्या. मला वाटलं, बाईंचं कानातलं पडलं. मी चक्क बाहेर येऊन खुर्च्यांखाली शोधायला लागले! त्या पोट धरून हसल्या. बसलेल्या माणसांसमोरून ताठ मानेने जायचं नाही, ही त्यांची बुगिस रीत. बुगिस म्हणजे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे दर्यावर्दी लोक. त्यांचे यजमान जावाचे, म्हणून घरात इंडोनेशियन. मुलगा उत्तरं द्यायचा इंग्रजीत. बुगिस बोलायला अख्ख्या हॅमिल्टनमध्ये त्यांना कोणी नव्हतं.

ती भाषा उरली होती गाण्यांत. घरून आणलेल्या कराओकेच्या सीडींचा डबाच होता त्यांच्याकडे. गुरुवारी मी त्यांना गाडीने घरी सोडायची आणि मग आमची मैफल. पडद्यावर होड्या, खांबांवर उभी लाकडी घरं, नटूनथटून उभी असलेली गायिका आणि खाली रंग बदलत जाणारी अक्षरं. चाल उडती असली तरी हस्नाताई डोळे पुसायच्या. ते बोल मी वहीत देवनागरीत उतरवून घ्यायची. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे बोल, उजवीकडे अर्थ... आमची पुणेरी शिस्त. अर्थ विचारला की त्या म्हणायच्या, "मीनिंग लेटर. फर्स्ट सिंग." गाणं आधी तोंडात बसू दे, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच मागे लागल्या, ये, अर्थ लिहू. तेव्हा मला वेळ नव्हता. कधी ड्युटीचं रोस्टर, कधी लेकीचं पोहणं, तिचे टॉग्स, म्हणजे पोहायचे कपडे, घरीच राहिले म्हणून परत फेरी. "पुढच्या आठवड्यात नक्की, ताई." सहा वर्षांत नऊ गाणी पाठ झाली. उजवी बाजू कोरीच राहिली.

मग त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. शुद्धीवर आल्या तेव्हा इंग्रजी गेली होती, इंडोनेशियनही. उरली फक्त बुगिस. इस्पितळाच्या फॉर्मवर भाषेच्या रकान्यात 'इंडोनेशियन' लिहायला मीच सांगितलं होतं. फोनवरचा दुभाषी दोन मिनिटं ऐकून म्हणाला, ही भाषा मला येत नाही. दुसरा कोणी मिळेना. इरफानचे सुलावेसीतले मामा बोटीवर, त्यांचा फोन लागेना. इरफान पलंगाचा कठडा धरून म्हणाला, "शी इज माय मम, आँटी, अँड आय डोन्ट नो व्हॉट शी इज सेयिंग." माझी लेकही माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. त्या क्षणी मला स्वतःच्याच पुढच्या दिवसांची भीती वाटली.

काहीच सुचेना म्हणून मी गायला लागले. पहिल्याच ओळीला हस्नाताईंचा चेहरा खुलला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि एक वाक्य बोलल्या. मी मान डोलावली. त्या पुन्हा तेच बोलल्या, पुन्हा, वाट बघत... मी पुन्हा मान डोलावली आणि दुसरं गाणं म्हटलं. इरफानने त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून मामांना पाठवून दिलं. तीन दिवस मी गात होते आणि त्या विचारत होत्या. विचारत होत्या, एवढं त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. चौथ्या दिवशी इरफानचा तो फोन आला.

मामांचं उत्तर दफन झाल्यावर आलं. इरफानने ते मला गाडीत बसून सांगितलं. त्या मला ओळखत नव्हत्या. म्हणत होत्या, "आपल्याकडची गाणी म्हणतेस, पोरी. कोणाची गं तू?"

तीन दिवस एवढंच विचारत होत्या, आणि मी बावळटासारखी मान डोलावत होते. मला स्वतःचा फार राग येतो.

वही आता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असते. शेवटच्या पानावर, रेकॉर्डिंग ऐकून, मी त्यांचा प्रश्न डावीकडे उतरवला आणि उजवीकडे त्याचा अर्थ. अख्ख्या वहीत तेवढी एकच ओळ पूर्ण आहे. तिच्याखाली उजवीकडे मी उत्तरही लिहिलं, "तुमचीच, ताई." डावीकडे काय लिहायचं, ते मला येत नाही. मामांना विचारलं तर सांगतील. पण ते आता म्हणून दाखवायचं कोणाला?