मेपल सिरपचा वास

मेपल सिरपच्या वासाने मला आजही मळमळतं. काल नातीने अर्धा पॅनकेक तसाच टाकला आणि त्या गोड, चिकट वासाने मला थेट लास व्हेगासला नेलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आई पहिल्यांदाच माझ्याकडे अमेरिकेत आली होती. ओळखीच्या एका काकांनी टिप दिली होती, "कॅसिनोच्या बुफेत पावणेअकराला घुसा आणि बसून राहा. अकराला लंच लावतात, ब्रेकफास्टच्याच तिकिटात होऊन जातं." आम्ही तसंच केलं. आईचं पोट एका टोस्टात भरलं. मी मात्र अधाशासारख्या तीन प्लेटी भरून आणल्या आणि चार-चार घास खाऊन बाजूला सारल्या. सिरपमध्ये भिजलेले बटाटे, त्यावर वितळलेलं आइस्क्रीम.

आईने त्यातली एक प्लेट पुढे ओढली आणि खायला लागली.

"शी, आई! उष्टं काय खातेस? लोक बघतायत."

"आणि टाकलेलं बघत नाहीत वाटतं?"

तिला घास गिळवत नव्हता, डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तेव्हा तिचीच किळस आली.

तेवढ्यात लंच लागलं, आणि मी नवी प्लेट घ्यायला उठलो.