लोटूभाऊंचा होकार

लोटूभाऊ पाटील बहिरे होते ही गोष्ट सुरतेच्या लिंबायतमध्ये फार थोड्यांना माहीत होती, आणि ज्यांना माहीत होती त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. कसा बसणार? वीस वर्षं मागाच्या खात्यात काढलेला माणूस. तिथे दीडशे माग एकदम खडखडायला लागले की शेजाऱ्याची शिंकसुद्धा डोळ्यांनीच कळायची. कामगार एकमेकांशी बोलायचे ते नुसत्या ओठांनी, आवाज न काढता. चार माग पलीकडे उभा असलेला मगन मुकादम कुणाच्या आईचा उद्धार करतोय, हे लोटूभाऊ त्याच्या मिशांवरून सांगायचे. अहिराणी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांतले ओठ त्यांना वाचता येत. अक्षर मात्र एकाही भाषेतलं नाही.

कान नक्की कधी गेले ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, सरलाबाईंना, तेवढं कळलं होतं. भांडायचं असलं की त्या आधी समोर येऊन उभ्या राहायच्या. पाठमोरं भांडण वाया जातं, असं त्यांचं म्हणणं. पोरबाळ नव्हतं, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर होता आणि संसार सुखाचा चालला होता.

चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीनंतर सरलाबाईंना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागल्या आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आवाज शाबूत होता. शब्द जड झाले होते, पण आठवडाभरात शेजारच्या पुष्पाबाईंना ते बोलणं बरोबर समजायला लागलं. लोटूभाऊंना मात्र त्या ओठांवर काहीच दिसेना. मागावर ताणा तुटून सगळे दोरे एकमेकांत गुंतावेत, तसं त्या तोंडाचं झालं होतं.

पहिल्या दिवशी त्या काहीतरी म्हणाल्या आणि उत्तराची वाट पाहत राहिल्या. लोटूभाऊंनी मान हलवली. हो. सरलाबाई अर्ध्या तोंडानं हसल्या. ते हसू पाहून त्यांनी दुसऱ्या दिवशीही मान हलवली, आणि मग रोजच. आपल्या बायकोचं बोलणं आपल्याला कळत नाही हे शेजारणीला कुठल्या तोंडानं सांगायचं? सरलाबाईंनाही संशय आला नाही. ओठ दिसले की यांना कळतं, एवढंच त्यांना ठाऊक. स्वतःचे ओठ कुणाला दिसतात?

लोटूभाऊंनी हे सांगितलं ते फक्त पंडितला. पंडित म्हणजे बाजूचा माग चालवणारा, आणि तिन्ही पाळ्यांचा बिनपदवीचा वकील.

"लोटूदादा, पगारातून विमा कापतात ना तुमचा? मग कानाचं यंत्र त्यांच्याकडूनच घ्यायचं," पंडित म्हणाला. "भीक नाही, हक्क शे आपला."

दोघं विम्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर सज्जन होते, त्यांच्या दारात रांग मोठी होती. त्यांनी लोटूभाऊंना उजेडात समोर बसवलं आणि विचारलं, "नाम शुं?"

"लोटू दौलत पाटील."

"क्यां रहो छो?"

"लिंबायत."

"आजे शुं खाधुं?"

"भाकरी, मिरचीचा ठेचा. तुम्ही पान खाल्लंय साहेब, पण ते काही विचारलं नाही तुम्ही."

डॉक्टर हसले. एकही प्रश्न चुकला नव्हता. लोटूभाऊ शाळा पास झाल्यासारखे छाती काढून बाहेर आले. फाटकाशी पंडितने कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"कान चांगले आहेत असं लिहिलंय. दादा, आपण इथं नापास व्हायला आलो होतो ना?"

मग शोध सुरू झाला. चौकातल्या एका डॉक्टरने विम्याचं कार्ड पाहिलं, पंख्यासारखं हलवून वारा घेतला आणि परत दिलं. दुसऱ्याचा कंपाउंडर कार्ड म्हणताच जेवायला गेला आणि आलाच नाही. तिसऱ्याने पिचकारी मारून मळ काढला आणि सांगितलं, आता सगळं ऐकू येईल. हेही लोटूभाऊंनी त्याच्या ओठांवरच वाचलं.

घरी सरलाबाई तेवढ्या खुशीत दिसायच्या. दर रविवारी सकाळी पुष्पाबाईंकडून वेणी घालून घ्यायच्या, जांभळं लुगडं नेसायच्या आणि दाराशी जाऊन बसायच्या. लोटूभाऊंना वाटायचं, बायको सुधारतेय. त्या काहीतरी विचारायच्या. हे मान हलवायचे.

तीन महिन्यांनी पंडितने अरुणा टिपणीस शोधून काढल्या. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून मुंबईहून सुरतेला आलेल्या, ऐकण्याची तपासणी रीतसर शिकलेल्या, आणि एका धर्मादाय इस्पितळात आठवड्यातून दोन दिवस बसणाऱ्या. मुख्य म्हणजे त्या विम्याचे कागद घ्यायच्या.

बाईंनी पहिल्यांदा काय केलं, तर वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. त्याआडून त्यांनी काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. शेवटी लोटूभाऊच म्हणाले, "बाई, तो पेपर बाजूला घ्या, मग सांगतो."

बाई हसल्या. मग त्यांनी यंत्राची टोपणं त्यांच्या कानांवर बसवली, अर्धा तास बटणं फिरवली, आणि त्यांचं हसू गेलं.

"लोटूभाऊ, इतके दिवस तुम्ही डॉक्टरांना कान दाखवलेच नाहीत. डोळे दाखवलेत. घरी कसं चालतं तुमचं?"

"चालतं. मी हो म्हणतो."

"कशाला?"

"ती म्हणेल त्याला."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "तुम्हाला कळत नाही, हे आजच्या आज त्यांना सांगा. सांगाल ना?"

हे वाक्य लोटूभाऊंनी त्यांच्या ओठांवर अक्षरन् अक्षर वाचलं, आणि मान हलवली.

सांगितलं नाही. आता यंत्र येणारच आहे, मग तिला उगाच कशाला दुखवा, असा त्यांनी हिशोब केला. यंत्राचं मात्र सोपं नव्हतं. आधीचा ‘कान चांगले’वाला कागद खोटा ठरवायला नवे कागद वरच्या कचेरीत गेले, शिक्का राहिला म्हणून परत आले, पुन्हा गेले. पाच महिने गेले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सरलाबाईंना दुसरा झटका आला, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

यंत्र आलं ते तेराव्यानंतर. खिशात ठेवायची काड्यापेटीएवढी डबी, तिची वायर कानापर्यंत. टिपणीसबाईंनी ते स्वतः लावून दिलं.

लोटूभाऊ तसेच पुष्पाबाईंच्या दारात आले. त्या पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज आला. लोटूभाऊ तो थोडा वेळ ऐकत उभे राहिले.

"पुष्पाबाई, ती मला रोज काय म्हणायची?"

पुष्पाबाईंनी वळून पाहिलं नाही. "रोज काय, एकच. माले माहेरले ली चाला, एकदाव भाऊले भेटनं शे. माहेरी, नरडाण्याला जायचं होतं तिला, भावाला भेटायला."

पाठमोरं बोलणं कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या कानात पडत होतं.

"या रविवारी जाऊ ना, असं विचारायची. तुम्ही हो म्हणायचे. मग ती वेणी घालून बसायची, पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं, रजा मिळत नसेल तुम्हाला. नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला पडू?"

"रागवायची का?"

"छे. नरडाण्यावरून जाणाऱ्या भुसावळगाडीची शिट्टी ऐकू आली, गाडी निघून गेली, की म्हणायची, सोड गं वेणी. हो म्हणालेत ते. पुढच्या रविवारी नेतील."

पुष्पाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले.

"लोटूभाऊ, दोन घास खाऊन जाता का?"

लोटूभाऊंना स्वच्छ ऐकू आलं. त्यांची मान हलली नाही.