काकू प्रायोजक शोधायला निघाली

धाकटे,

हे वाचताना तू आधी नाक मुरडशील, मग चष्मा पुसशील आणि मग म्हणशील, "ताई, एवढं कशाला लिहीत बसलात?" म्हणून आधीच सांगते, गप्प बस. वादविवाद मंडळातली मुलं माझ्या मागे लागली आहेत की आमच्या काकूंवर कुणीतरी धड लिहा. घरात धड लिहिणारं माझ्याशिवाय आहे कोण? तुझे भावजी स्वतःची सहीसुद्धा दोनदा खोडतात. तेव्हा हे काम माझ्या गळ्यात आलं, आणि मी ते करणार. लोकांना सांगायचं म्हणजे 'तू तू' करून चालत नाही. इथून पुढे तू म्हणजे 'ती'. राग मानू नकोस. मानलास तरी मी काही बदलणार नाही.

आमची धाकटी जाऊ चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. लग्न होऊन आली तेव्हाही तिथेच होती, आजही तिथेच आहे. गिऱ्हाईक आत आलं की ती आधी त्याचं नाक बघते, मग कान, आणि मग तोंड. न शोभणारी फ्रेम कुणी डोळ्यांवर चढवली की सरळ सांगते, "साहेब, यात तुम्ही सतत रागावलेले दिसाल. घरच्यांचा विचार करा." मालकाने सुरुवातीला कपाळाला हात लावला. पुढे त्याच्या लक्षात आलं की हिने चार फ्रेमा नाकारल्या की गिऱ्हाईक पाचवी डोळे मिटून घेतं.

एकदा दुकानात एक शाळकरी मुलगी आली. तुटलेली काडी हातात, चष्मा नाकावर एका कानाच्या आधाराने. नव्या काडीवर सवलत मागू लागली, आणि मागणं असं मुद्देसूद की शेजारचं गिऱ्हाईक ऐकत उभं राहिलं. काकूने (तिला सगळं जग काकूच म्हणतं) साफ नाही म्हटलं.

"बरं," मुलगी म्हणाली, "आता तुमच्या बाजूने सांगते." आणि दुकानाने सवलत का देऊ नये, हे तिने मालकालाही जमलं नसतं इतक्या झकास पद्धतीने सांगितलं.

काकूने हसत हसत काडी फुकट बसवून दिली. "कुठे शिकलीस गं हे?"

"शनिवारी वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये या. दाखवते."

काकू गेली. घडीच्या खुर्च्या, कुरकुरणारे पंखे, आणि शहरभरच्या साध्या शाळांमधली मुलं. कुणाचे वडील गाडी चालवतात, कुणाची आई कपडे शिवते. एक शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, शाळा सुटल्यावर हे वादविवाद मंडळ चालवत. तिथला नियम असा: नाणं उडवायचं, बाजू ठरायची, बोलायचं. मग बाजू बदलून पुन्हा बोलायचं. एकाच बाजूने बोलून कुणी घरी जायचं नाही. काकूला हे फार पटलं. आमच्या घरात बाजू बदलायची पद्धतच नव्हती! तिच्या मनगटावरचं घड्याळ वेळ बरोबर दाखवतं म्हणून मुलांनी तिच्या हातात घंटी दिली, आणि त्या शनिवारपासून वेळ संपल्याची घंटी काकूची झाली.

मंडळाचा खर्च एक विमा कंपनी उचलायची. हॉलचं भाडं, झेरॉक्स, आणि वर्षाअखेरीला मोठ्या स्पर्धेला जायला बस. बदल्यात भिंतीवर कंपनीचा फलक. एके वर्षी तिथे नवे साहेब आले आणि त्यांनी सरांना फोनवर सांगितलं की यंदापासून आमचं धोरण बदललं आहे. सरांनी फोन ठेवला आणि फळा पुसायच्या फडक्याची घडी घालत बसले. मुलं गप्प झाली. ही मुलं गप्प बसलेली काकूने कधी पाहिली नव्हती, तिला ते सहन होईना.

"कुणी तोंड पाडायचं नाही," ती बोलून गेली. "हॉल जाणार नाही, बसही जाणार नाही. मी बघते."

"काय बघता काकू?" सरांनी विचारलं.

"ते अजून ठरलं नाही."

घरी आल्यावर तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या धाकट्या दिराने, विचारलं, "तुला शेजारणीकडून स्वतःची छत्री परत मागता येत नाही. तू पैसे मागणार?"

"मागायचे नाहीत. विकायचंय."

"काय?"

"मुलांचं बोलणं."

"फुकट देऊन टाक. तेवढीच शांतता."

ती सगळ्यात आधी गाद्यांच्या कारखानदाराकडे गेली. तो तिचा जुना गिऱ्हाईक, शिवाय शहरात सगळीकडे त्याच्याच गाद्यांच्या जाहिराती. बरोबर तिने मंडळातले दोघे घेतले: ती काडीवाली मुलगी, जिला सगळे 'चष्मिस' म्हणतात, आणि एक उंच मुलगा, 'लंबू'. जाताना बजावलं, "घाबरू नका, नेहमीसारखं बोला."

कारखानदाराच्या केबिनमध्ये पाहुण्यांसाठी असा मऊ सोफा होता की काकू बसली ती थेट तळाला गेली. गुडघे नाकाशी. लंबू उभा राहिला आणि मंडळाला मदत का करावी यावर इतकं सुरेख बोलला की कारखानदाराने टेबलावरचं पेन उचललं. लंबू बसला. आणि चष्मिस उठली.

"अध्यक्ष महाराज, आता विरोधी बाजू."

काकूने उठायचा प्रयत्न केला, पण सोफा सोडेना.

चष्मिस म्हणाली, "वादविवाद ऐकायला येणारे लोक झोपायला येत नाहीत, त्यामुळे इथे गादी विकली जाणार नाही. फलक भिंतीवर लागेल, त्याच्याकडे कुणी बघणार नाही. आणि येताना आम्ही पाहिलं, तुमचे कामगार जिथे जेवतात ते छप्पर फाटलेलं आहे. पैसे असतील तर ते आधी तिथे घालावेत."

कारखानदार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग पेन खाली ठेवलं. "बाई, मुलगी जिंकली. पटलं मला. छप्परच करतो."

आणि केलंही.

रस्त्यावर आल्यावर काकूच्या डोक्यात नुसता भडका. "अगं, गादीवाल्याच्या घरी जाऊन गादी उसवतेस? काही अक्कल?"

"तुम्हीच म्हणालात, नेहमीसारखं बोला," चष्मिस रडकुंडीला आली. "एकाच बाजूने बोलून घरी कसं जायचं?"

काकूने दोघांना सरबत पाजलं आणि स्वतः प्यायली नाही. सर मात्र खचले. म्हणाले, "काकू, महिनाअखेर हॉल सोडू. मुलांना मीच सांगतो." काकूने त्यांना थांबवलं. तिने मुलांपुढे शब्द दिला होता, आणि आमची धाकटी दिलेला शब्द गिळणाऱ्यांतली नाही.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला "ही फ्रेम नको, भुंग्यासारखे दिसाल" असं सांगता सांगता ती मध्येच थांबली. आपण आयुष्यभर 'हे घेऊ नका' सांगून चष्मे विकले, मग या मुलीवर कशाला ओरडलो? संध्याकाळी ती बाजारात फिरली. ट्रॅव्हल्सवाला, दातांचे डॉक्टर, लाँड्रीवाला, ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाई, असे ओळखीचे सगळे गाठले. प्रत्येकाला तेच सांगितलं, "शनिवारी हॉलवर या. तुम्ही आम्हाला पैसे द्यावेत की नाही, यावर मुलं दोन्ही बाजूंनी बोलतील. परीक्षक तुम्ही. निकाल लागेल तो मला मान्य."

"आणि 'नाही' असा लागला तर?" ट्रॅव्हल्सवाल्याने विचारलं.

"तर चहा पिऊन घरी जा."

सरांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले नाहीत, कोसळले. "काकू, हे जुगार खेळणं झालं."

"सर, नाणं उडवायला तुम्हीच शिकवलंत."

शनिवारी हॉल भरला. नाणं उडालं. निकाल द्यायचा म्हणून आज बाजू न बदलता एकच फेरी. देण्याच्या बाजूने लंबू, विरोधात चष्मिस. सरांनी डोळे मिटले.

लंबू चांगला बोलला, पण चष्मिस बोलायला लागली तेव्हा खुर्च्यांची कुरकुरसुद्धा थांबली. ती म्हणाली, "आमच्या आधीच्या प्रायोजकांनी इतकी वर्षं पैसे दिले. पण ते एकदाही या हॉलमध्ये आले नाहीत. त्यांना आमचे आवाज माहीत नव्हते, म्हणून आमचा आवाज बंद करणं त्यांना एका फोनवर जमलं. पैसे देणं म्हणजे पाठ फिरवायची परवानगी विकत घेणं. अशी परवानगी आम्ही तुम्हाला का विकावी? मी म्हणते, एक पैसाही देऊ नका."

सर काकूच्या कानाशी वाकले. "काकू, घंटी वाजवा. थांबवा तिला."

घंटी काकूच्या हातात होती. मंडळ चालणार की बुडणार, ते तिच्या बोटांत होतं. तिने घड्याळ बघितलं.

"अजून वेळ आहे तिचा," ती म्हणाली, आणि चष्मिसला शेवटच्या वाक्यापर्यंत बोलू दिलं. मगच घंटी वाजली.

परीक्षकांनी हात वर केले. चष्मिस जिंकली. एकही पैसा द्यायचा नाही!

काकू उभी राहिली. "निकाल लागला. कुणी काही द्यायचं नाही. चहा तयार आहे."

कुणी उठेना. मग ट्रॅव्हल्सवाला घसा खाकरून म्हणाला, "पोरगी म्हणते ते खरं आहे. पैसे फेकून मोकळं व्हायचं नाही. मग स्पर्धेला बस मीच घेऊन येतो. स्वतः चालवत. आणि बसून ऐकणार, आधीच सांगतो."

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई म्हणाल्या, "या हॉलच्या भाड्यात कशाला पडता? संध्याकाळी माझा वर्ग रिकामाच असतो."

"मला कायमचा परीक्षक करा," दातांचे डॉक्टर म्हणाले. "दिवसभर लोकांची तोंडं उघडी असतात आणि एक शब्द बाहेर येत नाही. कंटाळलो."

लाँड्रीवाल्याने बोलायचे कष्ट घेतले नाहीत. त्याने लंबूच्या चुरगळलेल्या कॉलरकडे बघितलं आणि म्हणाला, "हा शर्ट उद्या माझ्याकडे."

घरी जाताना काकू मुलांना म्हणाली, "हॉल जाणार नाही म्हटलं होतं मी. तो मात्र गेला."

"काकू, एक मुद्दा पडला," लंबू म्हणाला. "सामना आपलाच."

तेव्हापासून मुलं ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात बोलतात. पाठीमागे 'हॉर्न वाजवू नये'ची पाटी, समोर काकू घंटी घेऊन. प्रायोजकांचा फलक कुठेही नाही. प्रायोजक स्वतःच दर शनिवारी हजर असतात आणि बाहेर जायला सांगितलं तरी जात नाहीत. त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत इतर संघ छापील फलक घेऊन आले होते. आमची मुलं कडक इस्त्रीच्या शर्टांत बसमधून उतरली, आणि ट्रॅव्हल्सवाला पहिल्या रांगेत बसून प्रत्येक मुद्द्याला "बरोबर!" असं ओरडत राहिला. संयोजकांनी त्याला दोनदा समज दिली. दुसरा क्रमांक आला. पहिला का नाही, म्हणून डॉक्टर तिथल्या परीक्षकांशी भांडायला उठले होते, त्यांना चष्मिसने दुसरी बाजू समजावून खाली बसवलं. मी तिथे होते. मी सहसा कुणासाठी टाळ्या वाजवत नाही. त्या दिवशी माझे तळवे दुखले.

आणि आता परत तुझ्याशी बोलते, धाकटे. दुसऱ्या क्रमांकाचा तो कप कोराच मिळाला होता, वर एकही नाव नव्हतं. दुकान बंद असेल त्या दिवशी आपण दोघींनी नावं कोरणाऱ्याकडे जायचं ठरलं. कपाच्या पोटावर जागा जेमतेम. बसथांब्यावर तू म्हणालीस, मदत करणाऱ्यांची नावं घालू. मी म्हटलं, मुलांची. भांडलो. मग तुमच्या मंडळाचा नियम म्हणून बाजू बदलून भांडलो, आणि तू माझी बाजू माझ्याहून चांगली मांडलीस, त्याचा मला जास्त राग आला. बस आली आणि गेली. "पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ," असं म्हणून तू कप पिशवीत घातलास. हल्ली तो तुझ्या काउंटरवर असतो आणि गिऱ्हाइकं त्यात पेनं ठेवतात. खरं तर बसची गरजच नव्हती, कोरणाऱ्याचं दुकान त्याच थांब्यावरून दिसतं. आपण अजून गेलेलो नाही.